पाचशे पापड आणि एक हीटर

पेणमध्ये गाडीत हीटर असलेला आणि तो असल्याचा अभिमान बाळगणारा माणूस मी एकटाच! लाल रंगाची, दोन दारांची, दोनच माणसांची माझी स्पोर्ट्स कार तीस वर्षांची आहे. आमच्याकडे बारा महिने घाम गळतो, त्यामुळे मी हीटरचं कौतुक सुरू केलं की लोक माझ्याकडे काळजीनं बघतात. पण यंदा श्रावणात मला संधी मिळाली. मिळायला नको होती.

झालं असं, की माझ्या बायकोला, अपेक्षाला, पेणबाहेरची पहिली ऑर्डर मिळाली. वरसे गावच्या मृणालीताईंच्या सुनेचं डोहाळजेवण, त्यासाठी पाचशे पोह्याचे पापड. आमच्या गल्लीत बायका आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे अशा जमून पापड लाटतात. अपेक्षानं चार घरी लाटून दिले तेव्हा कुठे त्या चौघी पोळपाट घेऊन आमच्या घरी आल्या. पापड लाटून झाले आणि पावसानं जो मुक्काम ठोकला तो हलेचना!

निडी गावाहून अपेक्षाच्या मालूमावशीचा फोन आला. "माझ्या चुलीवर माळा हाय गो. दे पाठवून, दोन दिसांत सुकवते."

अपेक्षा लगेच डबे भरायला बसली. मी आडवा आलो.

"धुराचा वास लागेल पापडांना! गाडीत ठेवू, काचा बंद, हीटर चालू. तीन तासांत कडकडीत!"

"अहो, नक्की ना? पहिली ऑर्डर हाय. नाव जायचं."

"नक्की म्हणजे काय! लिहून देतो!"

तिनं मावशीला नको म्हणून कळवलं. त्या क्षणी माझी जीभ टाळ्याला चिकटायला हवी होती.

मी हीटर लावून बघितला. पायाशी गोडसर वासाचं हिरवं पाणी आणि वाफेनं समोरची काच गायब! रामवाडीच्या जितेश मेकॅनिकला बोलावलं. त्यानं खाली वाकून बोट ओलं केलं.

"हीटर कोर गळतोय, साहेब. इंजिनाचं गरम पाणी ज्या जाळीतून फिरतं ना, ती सडली. दोन्ही पाइप एकमेकांना जोडून टाकतो, विषय संपला. पेणात हीटर कशाला पायजे?"

"पापडांना!"

जितेशनं पाना पिशवीत भरायला घेतला.

नवा कोर मी हौसेनं मागवून ठेवलेलाच होता. तो मीच बसवणार असं जाहीर केलं. जाताना जितेश म्हणाला, "अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागंल. आणि बसवल्यावर तासभर गाडी रिकामी चालवून बघा. पाइपाच्या क्लिपा सुटतात."

दोन दिवसांत गाडीचं पोट रिकामं झालं आणि आमचा हॉल भरला. शेजारची अनिता दारातून डोकावली. "काय गो अपेक्षा, गाडी भंगारात काढली?"

"नाय गो. पापड सुकवतायत!"

तिसऱ्या दिवशी चक्क ऊन पडलं! अपेक्षा पापडांचं सूप डोक्यावर घेऊन गच्चीवर धावली. गच्चीवर माझा ओला गालिचा, दोन्ही सीटा आणि डॅशबोर्ड ऐसपैस पसरले होते. मी ते गोळा करेपर्यंत ऊन गेलं. ती सूप घेऊन तशीच जिना उतरली. अजून आठवलं की मला स्वतःला दोन लगावाव्याशा वाटतात.

चौथ्या दिवशी सगळं बसलं. चार स्क्रू उरले, ते खिशात घातले. दुसऱ्या दिवशी पापड वरशाला पोचायचे होते, मग तासभर रिकामी गाडी कोण चालवतो! जुन्या साड्या अंथरून पापड मांडले, काचा लावल्या, इंजिन सुरू केलं. दहा मिनिटं मी राजासारखा उभा होतो. मग आतून 'फट्' असा आवाज आला आणि काचा पांढऱ्या झाल्या! दार उघडलं तर वाफेचा लोट आणि सगळ्या पापडांवर हिरवा सडा.

"धुऊन घेतले तर?" मी विचारलं.

फोनवर जितेश ओरडला, "साहेब, विष हाय ते! कुत्र्यालापण घालू नका!"

पाच बायकांची मेहनत कचऱ्यात गेली. अपेक्षानं रिकामे डबे घासायला घेतले. ओरडली असती तर बरं झालं असतं. थोड्या वेळानं तिनं फोन लावला.

"मृणालीताई, पापड नाय जमणार. माझी चूक झाली..." आणि ती फोन घेऊन आतल्या खोलीत गेली.

सगळं माझ्यामुळे झालं आणि ही बाई आळ स्वतःवर घेते! मला माझीच लाज वाटली. तिचं नाव तरी वाचवायचं असं मी ठरवलं. जितेशनं पाच मिनिटांत दोन्ही पाइप जोडून दिले, हो, पाचच मिनिटांत, आणि मी गाडी थेट वरशाला नेली. मृणालीताईंच्या पडवीत हात जोडून उभा राहिलो.

"ताई, अपेक्षाची काही चूक नाही. ती उगाच स्वतःवर घेते. सगळा दोष माझा!"

"व्हय, म्हायत हाय," मृणालीताई शांतपणे म्हणाल्या. "मी विचारलं ना तिला, तुझी कसली चूक? ती म्हणाली, नवऱ्याचं ऐकलं."