पहिल्या नंबराचा फ्लेक्स

पहिला नंबर आपल्याच घरात येणार, याबद्दल त्रिंबकला तिळमात्र शंका नव्हती. स्पर्धा रविवारी सकाळी होती आणि अभिनंदनाचा फ्लेक्स त्याने शनिवारीच छापून आणला होता!

त्याचंही चूक नव्हतं म्हणा. औरंगपुऱ्यातलं छपाईचं दुकान रविवारी बंद. सोमवारी अभिनंदन करायचं म्हणजे शिळ्या भाकरीला तूप लावण्यातली गत. बरं, आणला तर आणला, स्पर्धा होईपर्यंत घरात गुंडाळून ठेवावा की नाही? पण फ्लेक्सवर स्वतःचा गॉगल लावलेला फोटो असताना तो घरात ठेवायला माणूस संत असावा लागतो. त्रिंबक काही संत नव्हता. संध्याकाळी शेजारच्या फकिराच्या रिक्षातून शिडी आणून त्याने तो पडेगावच्या नाक्यावर स्वतःच्या हातांनी बांधला. 'पडेगावची शान सौ. म्हाळसाबाई यांचा जलद चालण्याच्या स्पर्धेत प्रथम क्रमांक आल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' म्हाळसाबाईचा फोटो मधोमध होता. त्रिंबकचा थोडा मोठा होता, एवढंच.

म्हाळसाबाई म्हणजे त्रिंबकची बायको. साठी उलटलेली, पण काटक. सगळा जन्म मेंढरांमागे रानोमाळ हिंडण्यात गेलेला. पोरगा सत्यम कंपनीत लागला, पडेगावात दोन खोल्या झाल्या, मेंढरं विकली आणि बाई घरात बसली. बसली कसली, तिला बसताच येईना! उजाडायच्या आत उठायची आणि दौलताबादच्या रस्त्यानं लांबवर जाऊन यायची. एकदा दुधाची पिशवी आणायला निघालेली सून सोनिया स्कूटीवरून तिला गाठायला गेली आणि घामाघूम होऊन परत आली.

"आत्या, स्कूटी लावली तरी तुमी हाती लागंनात! तुमचं नाव द्यायलेय मी स्पर्धेत."

"कशाच्या गं?"

"चालायच्या."

"चालायच्या?" म्हाळसाबाईला हसू आवरेना. "आन वरून बक्षीस बी देत्यात? लोकं येडी हायेत का काय!"

साठी बुद्धी नाठी म्हणतात. इथं साठी आली आणि बाईला पहिल्यांदा बूट मिळाले! पांढरेशुभ्र, सोनियाने शहागंजातून आणलेले. ते घालून ती अंगणात दोन चकरा मारून आली तेव्हा त्रिंबकची छाती अशी फुगली की सदऱ्याचं वरचं बटण तुटलं.

खरं सांगायचं तर त्याच्या मनात एक जुनी सल होती. इतकी वर्षं बायको कायम मागेच चालली. कळपाच्या मागे, बिऱ्हाड लादलेल्या घोड्यामागे, त्याच्या स्वतःच्या मागे. एकदा, फक्त एकदा ती सगळ्या गावाच्या पुढे चालताना बघावी, एवढीच त्याची हौस होती.

फ्लेक्स बांधून तो शिडीवरून उतरतो तोच तात्यासाहेब आले. पडेगावातलं बडं जमीनदार घराणं, स्वतः सरकारी नोकरीतून निवृत्त आणि हीच स्पर्धा लागोपाठ दोनदा जिंकलेले.

"का रं त्रिंबक, लग्नाआधीच बारसं?"

"आमच्यात उधारी नसती, तात्यासाहेब!"

"आन उद्या मागं राह्यली म्हंजी?"

"तसं व्हनारच नाय!" त्रिंबक शिडी खांद्यावर टाकत म्हणाला. ऐकणाऱ्या चार जणांनी फ्लेक्सचे फोटो काढले आणि रात्रीपर्यंत ते पैठणपर्यंतच्या सगळ्या पाहुण्यांच्या मोबाइलवर पोचले.

रविवारी शहागंजच्या घड्याळाजवळ साठ-सत्तर म्हातारे-म्हाताऱ्या जमल्या. तिथून औरंगपुऱ्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. पळायचं नाही, चालायचं. बायका-पुरुष एकत्र, नंबर एकच. फकिराच्या रिक्षात त्रिंबक आणि सोनिया तयारीत बसले. शिट्टी वाजली. तात्यासाहेब सुसाट सुटले, त्यांच्यामागे सगळे सुटले.

म्हाळसाबाई मात्र जागेवरच!

"अगं निघ की!" त्रिंबक रिक्षातून ओरडला.

तिनं हातानं थांबा म्हणून खुणावलं. गुडघ्याला पट्टा बांधलेल्या रत्नमाला नावाच्या एक बाई सगळ्यांत शेवटी होत्या. त्या निघाल्या, चार पावलं पुढं गेल्या, तेव्हा म्हाळसाबाईनं पदर खोचला आणि समाधानानं त्यांच्यामागे चालू लागली.

"फकिरा, ही मागं का राह्यली?"

"टेन्शन नका घेऊ, काका! शेवटाला पिकअप घेतील. आखिर में देखो!"

पण त्रिंबकला ते पटेना. तोही मेंढक्याचाच पोर. कळप पुढं आणि राखणारा मागं, हे त्यालाही बाळपणापासून ठाऊक. म्हाळसाबाईपुढं जिवंत असं काही चालू लागलं की तिचे पाय आपोआप त्याच्या मागं लागायचे. पुढच्याला ओलांडून जायचं ही गोष्टच त्या पायांना माहीत नव्हती. आणि हे त्याला आत्ता, फ्लेक्स लागल्यावर आठवलं होतं!

"अगं, ही मेंढरं नव्हत!" रिक्षा शेजारी आणून तो कळवळून म्हणाला. "ह्यांना मागं टाकायचं हाय!"

"मागं टाकू? आन त्यातलं कुनी चुकलं म्हंजी?"

गुलमंडीवर तिघं निवृत्त साहेब हळूच चहाच्या हॉटेलात शिरले. म्हाळसाबाईनं मेंढरं हाकायचा असा काही 'हुर्रऽऽ' काढला की तिघं बशा टाकून बाहेर! पुढं रत्नमालाबाई पायरीवर बसल्या.

"माझं झालं हो. पोटरीत गोळा आला. मी रिक्षानं जाते."

"काय व्हत नाय, बाई. पाय द्या हिकडं." म्हाळसाबाईनं पोटरी दोन्ही हातांनी खसाखसा चोळली, पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, "हां, हुटा आता!" बाई उठल्या आणि निमूट चालू लागल्या.

"मामा, आत्या स्पर्धेला आल्यात का राखणीला?" सोनियानं विचारलं. तेवढ्यात त्रिंबकचा फोन वाजला. पैठणहून मेव्हणा बोलत होता. "दाजी, फ्लेक्स पाह्यला! आमी समदे टेम्पोत बसलोत. मटणच करा!"

परतीच्या वाटेवर तर कहर झाला. वळणावर झेंडी घेऊन उभा राहणारा स्वयंसेवक कुठं गेला होता देव जाणे. सर्वांत पुढं असलेले तात्यासाहेब ऐटीत भलत्याच गल्लीत वळले. त्यांच्यामागे दुसरा वळला, दुसऱ्यामागे तिसरा, आणि बघता बघता सगळी स्पर्धा त्या गल्लीत! पुढं रस्ता नाही, मागून येणारे थांबत नाहीत. एक आजोबा भांड्यांच्या दुकानात ढकलले गेले, तात्यासाहेब भिंतीला चिकटून "सरका! सरका!" म्हणून ओरडू लागले.

त्रिंबकचे डोळे चमकले. रस्ता मोकळा होता! म्हाळसाबाई एकटीच गल्लीबाहेर होती!

"म्हाळसे, हीच येळ हाय! जा! पळ! पळू नको, चाल!"

तिनं त्याच्याकडं असं पाहिलं, जसं काही तो परका माणूस आहे. मग ती गल्लीत शिरली. टाळ्या वाजवल्या, दोन्ही हात पसरले, जिभेनं टाळूवर टकटक केलं आणि एक खणखणीत हाळी दिली. सगळी गल्ली फिरली! डॉक्टर फिरले, वकील फिरले, भांड्यांमधले आजोबा हातात वाटी घेऊन फिरले. शेवटी तात्यासाहेब राहिले. त्यांच्या पाठीवर थाप पडली. "चल रं म्होरं!"

शहागंजच्या घड्याळापाशी सगळे एकाच घोळक्यात पोचले. तात्यासाहेबांनी शेवटच्या क्षणी पोट पुढं काढलं आणि पोटाच्या अंतरानं ते पहिले आले. म्हाळसाबाई सर्वांत शेवटी आली. त्याआधी ती थांबली होती, रत्नमालाबाई रेघ ओलांडेपर्यंत.

त्रिंबक रिक्षाच्या सीटखाली जागा शोधत होता. नाक्यावर फ्लेक्स, रस्त्यात टेम्पो, आणि बायकोचा नंबर शेवटचा! तेवढ्यात माइकवरून तात्यासाहेबांचा आवाज आला.

"दरसाली मी पयला येतो, आन मागं वळून बघतो तर रस्ता मोकळा. निम्मे लोक चहाला, निम्मे रिक्षात. आज पयल्यांदाच समदेच्या समदे पोचलेत. माझ्या बक्षिसाला टाळ्या वाजवायला मान्सं हायेत! ही कुनाची किमया हाय, ते तुमाला ठावं हाय. ह्या बाईनं मला पाठीवर थाप मारून हाकलत आनलं. शाळा सुटल्यापासून हे धाडस कुनी केलं नव्हतं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. रत्नमालाबाईंनी तर म्हाळसाबाईच्या गळ्यात पडून रडायलाच सुरुवात केली. जन्मात पहिल्यांदा त्या स्पर्धेतून चालत परत आल्या होत्या. कुणीतरी म्हाळसाबाईपुढं माइक धरला. "आजी, एवढ्या दमाच्या असून पुढं का नाही गेलात?"

"म्होरं गेले आस्ते, तर मागं कोन राह्यलं ते कुनी बघायचं?" ती म्हणाली.

त्रिंबकला रिक्षात बसवेना. ही आपली बायको! आपली! इतक्या वर्षांत तिचं चालणं आपण कधी नीट बघितलंच नाही, असं त्याला वाटलं. डोळे भरून आले. गॉगल घरी राहिला होता, त्यामुळे सगळ्यांना दिसले.

दुपारी पाहुणे मटणावर ताव मारत होते तेव्हा तो पुन्हा शिडी घेऊन नाक्यावर गेला. 'प्रथम' या शब्दावर पांढरा रंग फासला आणि त्यावर काळ्या रंगानं ठसठशीत 'शेवटचा' लिहिलं. बाकी मजकूर आणि हार्दिक अभिनंदन तसंच ठेवलं. येणाराजाणारा थांबून वाचायचा, आणि त्रिंबक प्रत्येकाला अथपासून इतिपर्यंत सगळं सांगायचा.

दुसऱ्या दिवशी दार वाजलं. अंगणात तात्यासाहेब, रत्नमालाबाई, चहावाले तिघं साहेब आणि आणखी पाचपन्नास जण बूट घालून उभे. "बाई, आमाला रोज चालवा. एकट्यानं जमत नाय."

अशी संधी! त्रिंबकनं घाईघाईनं टोपी चढवली, पायरीवर उभा राहिला आणि घसा खाकरला. "मंडळी, माझ्या मार्गदर्शनाखाली आजपासून..."

"अवं!" मागून आवाज आला. "नुस्तं बोलत हुबं राहू नका. चला म्होरं. हुर्रऽऽ!"

आणि त्रिंबक भाषण अर्धवट टाकून, तात्यासाहेबांच्या मागे, गुपचूप कळपात शिरला.