टोचून घेतलेला माणूस

लोकांना कळत नाही म्हणून मला राग येत नाही. सगळं कळतं, म्हणून येतो. उंदीर पडला की प्लेग आला, घर सोडायचं, दंडात टोचून घ्यायचं, हे आमच्या तांबट आळीत कोणाला ठाऊक नाही? तरी शेजारच्या रावजीकाकांच्या माळ्यावरून उंदीर पडला, तेव्हा काका म्हणाले, "म्हातारा होता बिचारा." सांडशीत धरून त्यांनी तो गुपचूप गटारात टाकला. लग्नसराई तोंडावर, आळी सोडली तर हंडे घडवणार कोण?

माझी मुलगी नुकती रांगायला लागली होती. जमिनीवर दिसेल ते तोंडात घालायची. मी जेवण टाकून आईला गाठलं.

"आई, गंगेपलीकडं मळ्यात झोपडी बांधू."

"आळीत कोणी हललं नाही, आपणच पळायचं?"

"मग टोचून तरी घ्या."

"टोचलेली माणसं मरतात."

"कोण मेलं?"

"मेलं असेलच की कोणीतरी!"

चार माणसांत माझं तोंड उघडत नाही. (शाळा चौथीत सुटली ती त्यामुळेच, उत्तर यायचं, पण उभं राहायचा धीर नव्हता.) म्हणून ठरवलं, बोलायचं नाही, करून दाखवायचं. चौकात मुन्शिपालटीचे डॉक्टर टेबल मांडून माश्या मारत बसले होते. सगळ्या आळीदेखत मी बाही वर केली, टोचून घेतलं आणि ऐटीत घरी आलो.

संध्याकाळी सणसणून ताप भरला. दंड टरटरून सुजला. असा ताप येतो आणि उतरतो, हे डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, आळीला नाही.

सकाळी आळी भेटायला आली. समोरच्या अंबूबाईनं डोळ्याला पदर लावला. "स्वभावानं गरीब होता हो."

"होता काय? आहे!" मी ओरडलो. जन्मात पहिल्यांदा. आणि एकदा उघडलेलं तोंड मिटेना. "काकांकडं उंदीर पडलाय! पिसवा पोरांना चावतील! घरं सोडा, गाढवांनो!"

आळी दोन पावलं मागं सरली. मला वाटलं, पटलं.

"नवसाबाई," रावजीकाका आईला हळूच म्हणाले, "ताप डोक्यात गेला. नाहीतर आपला बहिरू कोणाला गाढव म्हणेल?"

"तुम्ही तो सांडशीनं उचललात!"

"बघा, आता उंदीर दिसायला लागले."

मी त्यांची गचांडी धरायला उठलो, तर पाय कांबळ्यात अडकला आणि थेट अंबूबाईच्या अंगावर पडलो. "शिवला गं बाई!" म्हणत ती जी पळाली, ती आळीभर. दुपारपर्यंत ठरलं की टोचलेल्याचं वारं बाधतं.

दिवस मावळायच्या आत गाड्या जुंपल्या. पेट्या, पाळणे, कोंबड्या, ऐरणी, सगळी आळी मळ्याकडं निघाली. मागोमाग आईनं मलाही हवापालटाला म्हणून गाडीत घातलं. पोर मांडीवर घेऊन तिची आई, आमची मंडळी, शेजारी बसली. मळ्यात लोकांनी झोपड्या बांधल्या, त्या आमच्यापासून लांब, वाऱ्याची दिशा बघून.

त्यानंतर रिकाम्या आळीत घरोघर उंदीर पडले. मळ्यात मात्र एकालाही गाठ आली नाही. डॉक्टर झोपड्या बघायला आले आणि हरखून गेले.

"शाबास! वेळेवर निघालात. उंदरांना भ्यालात ना?"

मी सदरा नीट करून पुढं झालो.

"उंदरांना कोण भितो, साहेब?" रावजीकाका म्हणाले. "आम्ही या बहिरूला भिऊन आलो. टोचल्याचा ताप डोक्यात गेला याच्या, वारं बाधेल म्हणून. आता हा बरा दिसतो, तेव्हा उद्या परत जावं म्हणतो."

डॉक्टरांनी एकदा रांगणाऱ्या माझ्या मुलीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"छे छे," ते गंभीरपणे म्हणाले, "याच्या डोक्यात ताप अजून आहे, दाटीच्या आळीत वारं बाधेल. महिनाभर तरी कोणी हलू नका."

सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांत आधी आमच्या मंडळींनी.