आकृती सात : टेकडीवरचा जिना

कोणत्याही अहवालात खरी महत्त्वाची असते ती अनुक्रमणिका. बाकीची पानं जोडावी लागतात, कारण त्याशिवाय अनुक्रमणिकेत पान क्रमांक कुठून आणणार? जपानमधल्या समुद्रकाठच्या इसोनुमा नगरपालिकेत हे इतकं मुरलेलं होतं, की आपत्ती-निवारणाचा वार्षिक अहवाल मंजुरीला निघाला की टेबलाटेबलावरून त्याची फक्त अनुक्रमणिका फिरे. (अख्खा गठ्ठा जड असतो, आणि वरिष्ठांची पाठ सांभाळणं हेही आपत्ती-निवारणच.) प्रत्येक जण आपला शिक्का वरिष्ठाच्या शिक्क्याकडे किंचित झुकवून मारी, म्हणजे कागदावरही नमस्कार घडे.

हा अहवाल टाइप करी तिथली कारकून चिझुरु नागाओका. संगणकावर अनुक्रमणिका बनवणं तसं सोपं. शीर्षकांना पहिली, दुसरी, तिसरी अशी पातळी द्यायची, एक बटण दाबायचं, की शीर्षक, ठिपक्यांची ओळ आणि पान क्रमांक हजर. ज्याने ही सोय केली त्याच्या मनात प्रकरण आणि उपप्रकरण एवढंच असणार, बिचाऱ्याला नोकरीचा अनुभव नसावा. इसोनुमात पहिली पातळी उपनगराध्यक्षांच्या विषयांना, दुसरी विभागप्रमुखांच्या, तिसरी उपप्रमुखांच्या. कारकुनांचे विषय चौथ्या पातळीवर. अनुक्रमणिका तिसऱ्या पातळीशी थांबे, आणि अनुक्रमणिकेत जे नाही ते प्रशासकीयदृष्ट्या नाहीच.

चिझुरुचा विषय होता जिना. किनाऱ्यावरच्या वृद्धाश्रमामागे उभी टेकडी आहे. त्सुनामी आली तर पळायला रस्ता एकच, आणि तो किनाऱ्याकिनाऱ्याने जातो, म्हणजे लाटेच्या स्वागतालाच. टेकडीवर सरळ जिना बांधला तर माणसं वाचतील. त्या माणसांत फुकी मावशी होती. आईमागे चिझुरुला तिनेच वाढवलं, आणि आता तिचे गुडघे गेले होते.

"काय गं, माझा जिना कुठवर आला?" चिझुरु भेटायला गेली की मावशी विचारायची.

"चौथ्या पातळीवर आहे, मावशी."

"अगं बाई! म्हणजे बराच वर गेला की!"

शेवटी चिझुरु विभागप्रमुख उरुशिबारांकडे गेली. "साहेब, जिन्याला तिसरी पातळी द्या ना. माणसं मरतील हो."

साहेबांनी दातांतून हवा आत ओढली. (म्हणजे नाही. पण नाही म्हणण्याइतके ते असभ्य नव्हते.) "तिसऱ्या पातळीवर उपप्रमुखांच्या फुलांच्या कुंड्या आहेत, नागाओकाबाई. त्या हलवून तिथे तुमचा जिना ठेवायचा? उद्या मी त्यांना तोंड कसं दाखवू? जरा दमानं घ्या. तुमची बढती झाली की जिनाही आपोआप वर येईल."

"लाटेला तसं कळवू का?"

साहेबांनी ही सूचना वहीत टिपून घेतली.

संतापाने तिला रडूच यायचं बाकी होतं. जागेवर येऊन ती अनुक्रमणिकेकडे बघत बसली, आणि तिच्या मागच्या पानावर तिची नजर गेली. तिथे आकृत्यांची यादी होती. आकृत्यांना पातळी नसते! उपनगराध्यक्षांचा फोटो आकृती सहा असला, तर कारकुनाचं चित्र बिनदिक्कत आकृती सात म्हणून त्याच्याखाली उभं राहतं. तिने हौसेने जिना काढला. दोन्ही बाजूंना कठडे, मध्ये म्हाताऱ्यांना टेकायला बाकडी. खाली लिहिलं : 'आकृती सात : टेकडीवर बांधावयाचा प्रस्तावित जिना'.

यादी पाहून उरुशिबारासाहेब कळवळले. ओळ लांब झाल्याने पान क्रमांक खालच्या ओळीत घसरला होता, ठिपके तुटले होते. त्यांनी स्वतःच्या हाताने 'बांधावयाचा प्रस्तावित' खोडलं, 'टेकडीवर'चं 'टेकडीवरचा' केलं. "आता बघा कशी ओळ झाली! ठिपके सरळ, तर मन सरळ."

अनुक्रमणिकेबरोबर यादीही वर गेली. शिक्के झुकत झुकत पडत गेले. अंदाजपत्रकाच्या बैठकीत लेखापालांना कुठेतरी जिन्याची मागणी सापडली, तेव्हा उपनगराध्यक्ष प्रसन्न होऊन म्हणाले, "अहो, जिना तर आहेच की. आकृती सात, पान तेवीस!" मागणी रद्द झाली. एकाच टेकडीला दोन जिने म्हणजे उधळपट्टी.

"साहेब, ते चित्र आहे!" चिझुरु जवळजवळ ओरडलीच.

"हळू, बाई," उरुशिबारासाहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. "सगळ्यांचे शिक्के पडलेत. आता जिना नाही म्हणायचं, म्हणजे एवढी मोठी माणसं डोळे मिटून शिक्के मारतात असं म्हणायचं. तुम्हाला तसं म्हणायचंय का?"

सप्टेंबरात आपत्तीचा सराव झाला. भोंगा वाजला. वृद्धाश्रमातली मंडळी आकृती सात छापलेली पत्रकं घेऊन टेकडीच्या पायथ्याशी, बांबूच्या रानासमोर, शिस्तीत रांग लावून उभी राहिली. फुकी मावशीने पत्रक डोळ्यांजवळ नेलं, मग टेकडीकडे पाहिलं, मग पुन्हा पत्रकाकडे.

"चिझुरु, कठडा छान काढलायस गं. पण पाय कुठे ठेवू?"

चिझुरुने खाली बसून मावशीला पाठीवर घेतलं आणि बांबूंना धरत, घसरत, चढायला लागली. बाकीचे जिन्याची वाट बघत खालीच उभे राहिले. सरावाच्या अहवालात नोंद झाली : 'जिन्याचा वापर समाधानकारक. गर्दी झाली नाही.'

वाचकहो, तुम्हाला हसू आलं असेल. तुमच्याही इमारतीत लिफ्टशेजारी, काचेच्या चौकटीत, एक नकाशा टांगलेला आहे. त्यात हिरवा बाण आहे आणि बाणाच्या टोकाला संकटकाळचा जिना आहे. त्या जिन्यावर तुम्ही कधी पाय ठेवलाय?

नसेल, तर नकाशाखाली थोडी मोकळी जागा असेल पाहा. तिथे आपलाही शिक्का मारून टाका. किंचित झुकवून.