खिडकीकडच्या मागाचं गाणं

शंकरआप्पांच्या घरी जायचं तर चपला दाराशी आणि फोन तांदळाच्या डब्यात ठेवावा लागतो. "ह्यो सगळं ऐकत असतोय, मास्तर," आप्पा सांगतात. "परवा नुसतं पंख्याचं बोललो, तर जावयाच्या फोनवर पंखेच पंखे." फोन आत गेला, वर दोन ओंजळी तांदूळ पडले, झाकण लागलं, की आप्पा मोकळेपणानं बोलू लागतात. आणि बोलतात काय, तर पावसापाण्याचं. जावयानं त्यांना घेऊन दिलेला फोनही त्याच डब्यात असतो, त्यामुळे त्यांना फोन करण्यात काही अर्थ नसतो.

आम्ही सीमाभागातल्या वडगावात समोरासमोर राहतो. मी शाळेत शिकवतो, आप्पा साड्या विणतात. पुढच्या खोलीत दोन यंत्रमाग आहेत, एक खिडकीकडचा आणि एक भिंतीकडचा. "ह्यात कायतरी हाय" हे आप्पांचं आवडतं वाक्य. दूध पातळ आलं तर गवळ्यानं पाणी घातलं, आणि दाट आलं तर आणखी काहीतरी घातलं. मागच्या साली आप्पांच्या पत्नी पार्वतीआक्का वारल्या, तेव्हा आमच्या घरून रोज आमटी जायची. "एवढी आमटी उगंच कोण देतंय?" असं म्हणून आप्पा आधी मला दोन घास खायला लावायचे. हल्ली त्यांच्या जेवणाला काळवेळ उरलेली नाही. कधी चारला जेवतात, कधी विसरूनच जातात.

तर अशा माणसाच्या भिंतीला भिंत लावून प्रवीणनं खोली भाड्यानं घेतली होती. प्रवीण खानापूरकडचा, दिवसा कंपनीत नोकरी करणारा, आणि संध्याकाळी तिघा मित्रांबरोबर रॉक वाजवणारा. आक्का होत्या तेव्हाची ही गोष्ट. चारच महिने ते तिथं होते, त्या खोलीतच गाणी वाजवून रेकॉर्ड करायचे. केस वाढवलेली माणसं काळ्या पेट्या घेऊन येतात म्हटल्यावर आप्पांची झोप उडाली होती. आक्का मात्र त्या पोरांना भाकरी-पिठलं पाठवायच्या.

यंदा त्यांचं गाणं आलं आणि बघता बघता गाण्यांच्या यादीत पहिल्या नंबरावर जाऊन बसलं. निपाणीच्या स्टँडवर तेच, कोल्हापूरच्या गाडीत तेच. आमच्या वर्गातली मराठी पोरं आणि कानडी पोरं एरवी एका बाकावर बसायला कुरकुरतात, ती एकत्र बाक बडवून हेच गाणं म्हणायची. ठेका असा कुठून आणला, हा ज्याच्या त्याच्या तोंडी प्रश्न होता.

आप्पांनी ते पहिल्यांदा ऐकलं न्हाव्याकडे. अर्धी दाढी झालेली, गालावर फेस, तसेच उठून उभे राहिले. "ह्यो माझा माग हाय. खिडकीकडचा." न्हावी म्हणाला, बसा आप्पा, कापंल. पण आप्पा फेसासकट माझ्याकडे आले.

मग तपास सुरू झाला. प्रत्येक चहाच्या टपरीवर थांबायचं, कुणाच्या तरी फोनवर गाणं लावायला लावायचं, डोळे मिटून ऐकायचं आणि पुढच्या टपरीकडे निघायचं. गल्लीला संशय, की आप्पांना आता गाण्याच्या कमाईत वाटा मागायचा असणार. खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं.

शेवटी मला साक्षीदार म्हणून घेऊन ते प्रवीणच्या घरी गेले. प्रवीणचा चेहराच उतरला. "व्हय आप्पा," तो म्हणाला. "लई प्रयत्न केला, पण तुमच्या मागाचा आवाज जाईना. मग त्याच्यावरच गाणं बांधलं." आप्पा माझ्याकडे बघून मान हलवत होते. प्रवीण घाईघाईनं पुढं म्हणाला, "पण तुमी काळजी करू नका. गाण्याची कंपनी नव्यानं रेकॉर्ड करून घेतीया. जुनं काढून टाकणार. तुमचा एक ठोकाबी राहणार न्हाय."

मला वाटलं, मिटलं. पण आप्पांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला आणि चपला घालून निघाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आमच्या दारात आले. "मास्तर, ते गाणं लावा." लावलं. दुसरं कडवं संपता संपता त्यांनी बोट वर केलं. ठेक्याच्या मधेच, जरा आडवे, दोन ठोके. ठक ठक. लोकांना वेड लावलं ते ह्यांनीच.

"ह्ये मागाचं न्हवं," आप्पा म्हणाले. "माग चालू असला की हाक ऐकू येत न्हाय. म्हणून ती आतनं येऊन सुताच्या कांडीनं लोखंडी खांबावर दोनदा वाजवायची. जेवायला चला म्हणून." मग म्हणाले, "तिचा फोटो हाय. पण आवाज कुठंच न्हाय, मास्तर. एवढाच हाय. माझा माग काढू दे, सगळा काढू दे. तेवढं दोन ठोकं काढू नको म्हणावं."

तसेच आम्ही प्रवीणकडे गेलो. त्यानं ते दोन ठोके पुन्हा पुन्हा ऐकले. त्या चौघांना आजवर ती माईकची गडबड वाटली होती. "आक्कांचं हाय व्हय," एवढंच म्हणाला, आणि तिथल्या तिथं कंपनीला फोन लावून सांगितलं, गाणं आहे तसंच राहील, नाहीतर आम्ही नवीन करणारच नाही. आप्पांनी तरीही त्याला आईची शपथ घ्यायला लावली. बाहेर आल्यावर मला हळूच म्हणाले, "त्याची आई हाय न्हवं जिती? जरा चौकशी करा."

गाणं आता यादीत बरंच खाली गेलं आहे. पोरं दुसऱ्याच गाण्यावर बाक बडवतात. आप्पा मात्र रोज दुपारी दोन्ही माग बंद करतात, डब्यातून फोन काढून धोतरानं पुसतात आणि खिडकीत ठेवून गाणं लावतात. मी सुट्टीच्या दिवशी समोरून बघत असतो. दुसरं कडवं संपतं, ते दोन ठोके येतात.

"आलो गं," आप्पा म्हणतात, आणि हात धुवायला आत जातात.