चाळीस टक्के सासरे

फ्लेक्स बनवायला अक्कल लागत नाही, हे आमच्या भागातले फ्लेक्स बघून कुणीही सांगेल. त्यातला मुकुटमणी म्हणजे यवतचा फ्लेक्सवाला म्हाळू. पिवळ्यावर लाल अक्षरं, बत्तीस चेहरे, प्रत्येकाच्या डोक्याभोवती कापताना राहिलेली पांढरी किनार आणि कुणाचा तरी अर्धा कान गायब! मी रांजणगावच्या कंपनीत साहेबांची प्रेझेंटेशनं करतो. फोटोमागची भिंत कशी उडवायची, फोटो पारदर्शक कसा करायचा, हे मला म्हाळूनं शिकवायचं?

माझे सासरे बापूसाहेब यवतजवळच्या त्यांच्या गावात सोसायटीच्या निवडणुकीला तिसऱ्यांदा उभे राहिले. आधी दोन्ही वेळा हौशीरामनं त्यांना पाडलं होतं. यंदा पडलो तर डोक्याला टोपी लावणार नाही, असं ते पारावर बोलून बसले होते. मी लगेच कारेगावहून फोन लावला, फ्लेक्स माझ्याकडे.

"म्हाळूलाच करू द्या," अनुपमा, म्हणजे आमची बायको, म्हणाली. "गावात काय चालतं ते त्याला कळतं."

माहेरच्या कावळ्यालाही मोर म्हणायची तिची सवयच आहे. मी लक्ष दिलं नाही.

माझा फ्लेक्स बघा. खाली हिरवागार ऊस, वर निळं आभाळ आणि आभाळभर बापूसाहेबांचा हसरा चेहरा. ठसठशीत नाही हं, चाळीस टक्केच! चेहऱ्यातून ढग दिसावेत इतका पुसट. बत्तीस टाळकी नाहीत, निशाणीसुद्धा कोपऱ्यात, बारीक. शुक्रवारी म्हाळूकडे फक्त छापायला दिला. त्यानं फाईल उघडली, बराच वेळ बघितली आणि हळूच विचारलं, "कवा झालं?"

"काल संध्याकाळी," मी म्हणालो.

त्यानं माझा हात हातात घेऊन दाबला. गाढवाला गुळाची चव कळली म्हणायची, असं मला वाटलं.

शनिवारी उजाडताच फ्लेक्स स्टँडवर लागला. बापूसाहेब पाइपलाइन फुटली म्हणून पहाटेच मळ्यात गेलेले, फोन घरी चार्जिंगला. फ्लेक्सचा फोटो मोबाईलवर बघून नऊ वाजता त्यांच्या बहीण साखरबाई आत्या कोरेगाव भीमाहून रडत बसमधून उतरल्या. मागोमाग गल्ली सासऱ्यांच्या दारात जमली. कुणी चुलीवर पाणी ठेवलं, कुणी चटई टाकली. मी सगळ्यांना ओरडून सांगत होतो की ते जिवंत आहेत. लोक माझ्या पाठीवरून हात फिरवत होते. जावयाला लईच धक्का बसलाय, म्हणत होते.

फ्लेक्सवर आभाळात पुसट चेहरा असतो तो गेलेल्या माणसाचा, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मला नव्हतं. म्हाळूचे फ्लेक्स मी कधी धड बघितलेच नव्हते ना!

मी स्टँडवर पळालो. फ्लेक्सखाली निम्मं गाव उभं आणि समोर डोळे पुसत हौशीराम बोलतोय, "असा सरळ माणूस गावात पुन्हा व्हणार न्हाई. दोनदा पाडला त्याला, आमचं चुकलं. सोसायटी त्याच्याच हातात पायजे व्हती."

शेवटच्या रांगेत चिखलाच्या पायांनी, हाताची घडी घालून बापूसाहेब ऐकत होते. भाषण त्यांनी पूर्ण संपू दिलं. मग पुढं येऊन म्हणाले, "हौशीराम, एवढं उद्याच्या मतदानापर्यंत इसरू नगंस."

गर्दीत हशा फुटला. साखरबाई आत्यांनी भावाच्या पाठीत दोन धपाटे घातले आणि मग पुन्हा रडल्या.

बापूसाहेब दणक्यात निवडून आले. विरोधकानंच भर चौकात सर्टिफिकेट दिल्यावर दुसरं काय होणार? श्रेय मला मिळायला हवं होतं. विजयाचा फ्लेक्स मात्र म्हाळूला दिला. लाल अक्षरं, पिवळा रंग, बत्तीस चेहरे. मी दोनदा मोजले, माझा कुठंच नव्हता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"वर बघा," अनुपमा म्हणाली.

आभाळात मी होतो. चाळीस टक्के. जावईबापूंना आवडतं तसंच करा, असं खुद्द बापूसाहेबांनी सांगितलं होतं म्हणे.

मी अजून रजेवर आणि फ्लेक्सचा फोटो फिरत फिरत कंपनीत पोचलाय; दोन दिवस झाले, तिथून अनुपमाला सांत्वनाचे फोन येतायत. एक मात्र कबूल करतो, म्हाळूनं कापलंय सुरेख. दोन्ही कान शाबूत आहेत.