कोल्ह्याची शेपटी आणि हॅस्केल मॅडम

सतराव्या शतकातलं अमेरिकन साहित्य शिकवावं, तेही जेवणानंतरच्या तासाला, आणि एकाही पोराला डुलकी लागू नये! असा शिक्षक अख्ख्या मॅसॅच्युसेट्समध्ये एकच, आणि तो म्हणजे मी, वेन्डल क्राउदर! हे मी गेल्या नोव्हेंबरात शिक्षकांच्या खोलीत छातीठोकपणे जाहीर केलं. ऐकायला फक्त बक डिलार्ड होता. बक व्यायाम शिकवतो.

"वेन्डल, तुझ्या तासावरून पोरं माझ्याकडे येतात ना, तेव्हा त्यांच्या गालावर बाकाच्या रेघा उमटलेल्या असतात रे!" बक म्हणाला.

"ते आजपर्यंत. उद्या बघ!"

"आणि बुधवारच्या मीटिंगमध्ये तू स्वतः घोरतोस, त्याचं काय?"

मी तिकडे दुर्लक्ष केलं. मीटिंगमध्ये मुख्याध्यापिका हॅस्केल मॅडम पार्किंगच्या नियमांवर तासभर बोलतात. तिथे झोप लागणं हा माणसाचा नैसर्गिक हक्क आहे.

पण मॅडमना दुखवून चालणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या माझ्या तासाला मागे येऊन बसणार होत्या, आणि मला कायम करायचं की हातात नारळ द्यायचा हे त्यावरच ठरणार होतं. मी रात्रंदिवस एकच जप करत होतो : कायम, कायम, कायम! घर मिळालं होतं, मांजर रुळलं होतं, आता गाव सोडायची माझी अजिबात तयारी नव्हती.

अडचण होती ती आमच्या पूर्वजांची. त्या प्युरिटन, म्हणजे कडक धर्मनिष्ठ, मंडळींनी लिहून ठेवलं काय? लांबलचक प्रवचनं, मरणावरच्या कविता, आणि यंदा मका का बुडाला व त्यात देवाचा काय हेतू होता, याच्या रोजनिश्या! सोळा वर्षांच्या पोरांना हे वाचून दाखवलं की दुसऱ्या पानाला माना टाकतात.

म्हणून मी दोन आठवड्यांपूर्वीच शक्कल लढवली होती. वर्गाचंच प्रार्थनाघर करायचं! पोरांनी त्या शैलीत स्वतः प्रवचन लिहायचं आणि ठणकावून म्हणायचं. शिवाय त्या काळची खरीखुरी झोपमोड काठी! प्रवचन चालू असताना एक माणूस ही लांब काठी घेऊन फिरायचा. एका टोकाला लाकडी बोंड, ते झोपलेल्या पुरुषांच्या आणि पोरांच्या टाळक्यात. दुसऱ्या टोकाला कोल्ह्याची शेपटी, ती बायकांच्या नाकाखाली.

काठीचं काम मी थॅड कोवाल्स्कीला दिलं. थॅड हा शाळेतला सर्वांत गाढ झोपणारा मुलगा. एकदा तर आगीची रंगीत तालीम होऊन सगळे परत आले तरी हा बाकावरच होता! जबाबदारी मिळताच मात्र गडी असा पेटला की विचारू नका. लाकूडकामाच्या वर्गात त्यानं ओकची काठी घडवली, शिकारी मामाकडून शेपटी मिळवली.

"थॅड, नियम दोन," मी बजावलं. "पहिला, कुणाचीही गय नाही. साक्षात गव्हर्नर झोपला तरी सोडायचं नाही!"

"गव्हर्नर येणारेत, सर?"

"अरे बाबा, उदाहरण दिलं! दुसरा, प्रवचन चालू असताना कुणी तोंड उघडायचं नाही. मीसुद्धा नाही."

हा दुसरा नियम मी का केला, देव जाणे!

तपासणीच्या दिवशी सुरुवातच वाईट झाली. तास संपल्यावर मॅडमना द्यावा म्हणून माझ्या आईनं खास मेपलचा केक करून दिला होता. तो मी शिक्षकांच्या फ्रीजमध्ये ठेवला, आणि जेवणाच्या सुट्टीत बघतो तर डबा चाटूनपुसून साफ! आमच्या फ्रीजमध्ये एक चोर होता. वर्षभर लोकांचे डबे गायब होत होते. शेवटी मॅडमनी स्वतःच्या हातानं फ्रीजवर सूचना लावली होती, 'दुसऱ्याच्या अन्नाला हात लावणाऱ्याची गय केली जाणार नाही. हॅस्केल.' त्या चोराला ना लाज ना भीती! मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत वर्गावर गेलो.

मॅडम आल्या, मागच्या भिंतीशी गरम हीटरला खेटून बसल्या, पेन सरसावलं. मारिबेल टेशेरा प्रवचनाला उभी राहिली. मारिबेल म्हणजे हजेरीलाही 'हजर' असं पुटपुटणारी मुलगी. पहिली पाच मिनिटं ती तशीच पुटपुटली. मॅडमचं पेन हळूहळू थांबलं. मान डावीकडे झुकली, मग उजवीकडे, मग सरळ छातीवर! तोंड किंचित उघडं.

आणि थॅडनंही ते बघितलं होतं.

तो काठी घेऊन निघाला, बोंडाचं टोक पुढे! पूर्ण ओकचं बोंड, मॅडमच्या टाळक्याच्या दिशेनं! ओरडावं तर नियम माझाच, आणि सगळा वर्ग कान टवकारून बसलेला. मी जागेवरूनच दोन्ही हात हवेत गरागरा फिरवले. म्हणजे, मागे फीर! थॅडनं माझ्याकडे पाहिलं, समजल्यासारखी मान हलवली आणि काठी फिरवली. आता शेपटी पुढे! मॅडम बाई आहेत, हे सरांनी बरोबर लक्षात आणून दिलं, असा त्याचा समज झाला. शेपटी नाकाखाली गेली आणि डावीउजवीकडे नीट दोन फेऱ्या मारून आली.

नेमका त्याच क्षणी मारिबेलला कंठ फुटला! प्रवचनाचा शेवट हा श्रोत्यांवर थेट तोफ डागायचा असतो, हे मीच शिकवलं होतं. भिंतीवरचा नकाशा हलला.

"ऊठ, पाप्या! दुसऱ्याच्या ताटातला घास चोरून खाणाऱ्या जिवा, ऊठ! तुझ्या ओठांवर अजून साखर आहे! तुला वाटलं कुणी पाहिलं नाही? त्यानं पाहिलं!"

हे तिनं घरच्या धाकट्या भावासाठी लिहिलं होतं, तो तिची गोड टार्ट पळवतो. पण मॅडमना काय माहीत! त्या एक प्रचंड शिंक देऊन ताडकन उभ्या राहिल्या आणि किंचाळल्या,

"मीच खाल्ला! मेपलचा केक मीच खाल्ला! सगळा!"

हीटरसुद्धा खळखळायचा थांबला. मॅडमना पूर्ण जाग आली, आणि आपण कुठे आहोत तेही कळलं. चेहरा आधी पांढरा, मग बीटासारखा लाल. मला दिसलं की माझं कायम होणं त्या लालीत विरघळून चाललंय. काहीतरी बोलणं भाग होतं.

"मॅडम," मी म्हणालो, "तो केक तुमच्यासाठीच होता. तासानंतर देणार होतो."

"माझ्यासाठी?" मॅडमना जरा धीर आला. "मग ती चोरी नाहीच झाली!"

"पण मॅडम," थॅड काठी टेकवत अदबीनं म्हणाला, "आधीचे डबे?"

"थॅड, खाली बस!"

"सर, तुम्हीच म्हणालात, गव्हर्नर असला तरी..."

मॅडमनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा शेपटीकडे. "बकचं लझानियाही मीच," त्या हळूच म्हणाल्या. "आणि त्या फ्रेंचच्या बाईंचं सूप. कामाच्या गडबडीत मला डबा आणायला जमत नाही हो!"

मग बांधच फुटला. मागच्या बाकावरचा एक म्हणाला, प्रयोगशाळेतला बेडूक मी पळवला. दुसरी रडत म्हणाली, पुस्तक न वाचताच निबंध लिहिला. पोरं रांगेत उभी राहिली! मारिबेल प्रत्येकाला गंभीरपणे क्षमा करत होती. घंटा झाली तरी कुणी हललं नाही. माझ्या आयुष्यात घंटेनंतर वर्ग थांबलेला मी तेव्हाच पाहिला, आणि खरं सांगतो, नोकरीची भीती विसरून मला गहिवरून आलं.

जाताना मॅडमनी थॅडच्या हातातून काठी काढून घेतली. "ही माझ्याकडे राहील," एवढंच म्हणाल्या. मी घरी जाऊन खोके भरायला घेतले. मांजर एका खोक्यात जाऊन बसलं.

शुक्रवारी निकाल आला. 'श्रोते पूर्ण वेळ जागे राहतात. कायम करावे.' मी खोक्यातून मांजर काढलं आणि त्याच्यासोबत नाचलो!

पण कायम म्हणजे बुधवारची मीटिंगही कायम, हे माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. शिरलं ते पुढच्या बुधवारी, आणि तेही बोंडाच्या वाटेनं. पार्किंगच्या नियमांचं दुसरं कलम चालू असताना टाळक्यात टण्णकन बसली! डोळे उघडले तर समोर मॅडम, हातात थॅडची काठी.

"मॅडम, निदान शेपटी तरी!" मी कळवळून म्हणालो.

"शेपटी बायकांसाठी, क्राउदर," मॅडम म्हणाल्या. "तुमच्याच वर्गात शिकले."

तेव्हापासून दर बुधवारी हाच कार्यक्रम आहे. लाकूडकामाच्या सरांनी त्या काठीसाठी थॅडला पैकीच्या पैकी गुण दिलेत. योग्यच आहेत. काम फार भक्कम झालंय, हे माझ्याइतकं कुणी सांगू शकणार नाही.