आल्बर्टकाकांची माती

चाकूरच्या आमच्या कॉलेजात बिराजदार सर इंग्रजीच्या तासाला दोनदा हजेरी घ्यायचे. आधी पोरांची, मग कादंबरीतल्या माणसांची. प्रत्येक पोराला एकेक पात्र वाटून दिलेलं.

“मिसेस ग्रीन?”

“बाजारात गेली, सर.”

“छत्री नेली का?”

“न्हाई.”

“मग भिजंल की ती! पान काढ, बघ.”

लातूरच्या क्लासवाल्यांच्या नोट्समध्ये मिसेस ग्रीन दोन ओळींत संपायची. सरांकडे ती सहामाहीपर्यंत नांदायची. मी तिथंच इतिहास शिकवायचो, स्टाफरूममध्ये सरांच्या शेजारच्या खुर्चीत बसायचो. चिडवलं की म्हणायचे, “पुस्तकातलं माणूस म्हनून काय झालं? इचारपूस नको का?”

त्या कादंबरीत आल्बर्ट नावाचा म्हातारा टपालवाला मरतो. तो धडा घ्यायच्या आदल्या संध्याकाळी सरांनी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, ‘आल्बर्टकाका गेले. उद्या सकाळी माती. सगळ्यांनी यावं.’

आता पोरांचे फोन म्हणजे आईबापांचेच फोन. सकाळी मी गेलो तर सरांच्या भाड्याच्या खोलीसमोर टोप्या आणि पदर दाटलेले. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून बायांनी फडक्यात भाकरी-पिठलं बांधून आणलेलं.

“काका किरिस्ताव होते का, सर?” एकानं हळूच विचारलं. “न्हाई, सामान कसलं आनावं म्हनून इचारलं.”

सरांनी खाली मान घालून खरं सांगितलं. मग एक मावशी म्हणाली, “काका पुस्तकातले असंना. भाकरी तर खरी हाय. खावा.”

इथवरची गोष्ट सांगून मी अख्ख्या लातूरला हसवलं. पुढची कधीच सांगितली नाही. ती आता सांगतो.

सर जेवायला बसले, पण तुकडा मोडून ताटातच ठेवला. म्हणाले, “बायको गेली तवा मी माहूरला नवाच बदलून गेलो होतो. कुनी वळखीचं न्हाई. माती करून आलो अन् मीच चूल पेटवली.”

मावशीनं त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

“नाव काय हो तिचं, सर?”

“सुमन,” सर म्हणाले.

इतकी वर्षं शेजारच्या खुर्चीत बसून ते नाव मीही पहिल्यांदाच ऐकत होतो.